फाटल्या चाकांचा मान

इन्सुलीत गाडी चालवता येण्याचं कोणाला कौतुक नाही. ती थांबवता यावी लागते. सावंतवाडीहून बांद्याकडं जुन्या रस्त्यानं यायला लागलात की इन्सुलीचा घाट लागतो, घाट उतरलात की म्हशी लागतात, म्हशी संपल्या की तपासणी नाका लागतो, आणि यांतलं काहीच लागलं नाही तर ओळखीचा माणूस लागतो. शेवटचं कारण सर्वांत गंभीर. समोरासमोरून आलेल्या दोन गाड्या रस्त्याच्या मधोमध काचेला काच लावून उभ्या राहतात आणि आतले दोघे स्टिअरिंग न सोडता गजाली सुरू करतात. मागून आलेला तिसरा हॉर्न वाजवत नाही. तो इंजिन बंद करतो, कारण त्याला गजाल नीट ऐकायची असते.

झाराप-पत्रादेवी चौपदरी रस्ता झाल्यापासून गोव्याची घाई असलेली मंडळी सावंतवाडी टाळून परस्पर जातात. महामार्गाचा नंबरही १७ चा ६६ झाला. आमचा वेग काही त्या प्रमाणात वाढला नाही.

इतकं थांबणाऱ्या गावात ब्रेकला मोठी प्रतिष्ठा असेल, असं परक्या माणसाला वाटेल. तसं मुळीच नाही. गाडी घेतली की आमच्याकडं आधी हॉर्न बदलतात. मग सीट कव्हर येतात, मग मागच्या काचेवर रेडियममध्ये कुलदैवताचं नाव येतं, मग स्पीकर. टायर गुळगुळीत झाले की ‘पावसाच्या आदी बघूया’ असं म्हणतात आणि पावसाआधी छप्पर शाकारायचं निघतं. ब्रेकवर कोणी राजीखुशीनं पैसे खर्च केल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. ब्रेकला पैसे जातात ते कर्कश आवाज यायला लागल्यावर, आणि तेही आवाजासाठी. आमच्या मामांच्या मुलानं जेव्हा जाहीर केलं की तो बाबांच्या प्रीमियर पद्मिनीला मागच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि कॅलिपर बसवणार आहे, तेव्हा वाडीत जी शांतता पसरली ती याच कारणानं.

मामांची पद्मिनी मुंबईच्या जुन्या पासिंगची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ साली ही गाडी ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून बाहेर पडायला लागली, पुढं तिची पद्मिनी झाली, आणि २००० च्या सुमारास ती बनवणंच बंद झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, आणि पुढं सलग बाकडं, ज्यावर मामा, मामी आणि फणस असे तिघे आरामात बसतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. तिची नोंदणी २००३ सालची होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. त्या दिवशी मामांना मुंबईहून इतके फोन आले की घरात काहीतरी झालंय असं समजून शेजारची माणसं जमली. मामा प्रत्येकाला एकच सांगत होते, “आमची चालू आसा.”

चालू होती हे खरं. थांबण्याबद्दल मामा बोलत नसत. कंपनीनं या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक दिले होते. चाकाच्या आत लोखंडी डबा, डब्यात अर्धचंद्राकृती दोन शू, पेडल दाबलं की ते फाकतात आणि डब्याला आतून घासतात. नव्या गाडीत हे छान चालतं. जुन्या गाडीत पेडल एकदा दाबून भागत नाही. मामांची पद्धत तीन टप्प्यांची होती. पहिल्या दाबाला गाडीला कळवायचं, दुसऱ्याला विनंती करायची, तिसऱ्याला ती थांबायची. पावसात डब्यात पाणी शिरलं की एका बाजूचा ब्रेक लागायचा, दुसऱ्या बाजूचा विचार करायचा, आणि गाडी थांबताना हमखास डावीकडं वळून बघायची. मामांनी त्यावरही उपाय बसवला होता. ते ब्रेक मारण्याआधीच स्टिअरिंग जरा उजवीकडं देत. अनोळखी माणसाला वाटे, मामा समोरच्यावर गाडी घालतायत. ओळखीचा समजे, मामा थांबतायत.

चिरंजीव चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. चाकणला दिवसभर नव्या गाड्या बघून आलेल्या माणसाला गावी जुनी गाडी दिसली की हात शिवशिवतात. आधीच्या एका सुट्टीत त्यानं पुढच्या दोन चाकांना प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचे डिस्क ब्रेक लावले होते. ते मामांनी चालवून घेतलं, कारण भाग प्रीमियरचेच होते; म्हणजे घरातल्या घरात. मागच्या चाकांचं प्रकरण वेगळं. भंगारात निघालेल्या कुठल्याशा परदेशी सेडानचे दोन कॅलिपर, दोन डिस्क आणि पॅडचा नवा संच घेऊन तो चतुर्थीला आला. चतुर्थीला चाकरमानी पुण्या-मुंबईहून काय काय आणतो: माटवीला बांधायला फळं, मखराला विजेची माळ, पोरांना कपडे. यानं गणपतीशेजारी पाटावर वर्तमानपत्र पसरून त्यावर चौदा-पंधरा किलो लोखंड मांडलं.

मामींनी डिस्क उचलून बघितली आणि विचारलं, “ह्येच्यात काय दळतत?”

भजनाला येणाऱ्या प्रत्येक मंडळीनं आधी गणपतीचं दर्शन घेतलं आणि मग कॅलिपरचं. चिरंजीवांनीही प्रत्येक मंडळीला तेच व्याख्यान पुन्हा दिलं. डिस्क ही उघड्यावर फिरणारी थाळी, कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो. उघडी असल्यामुळं ती लवकर थंड होते. ड्रममध्ये उष्णता आत कोंडते, लांबचा घाट उतरताना ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. आंबोलीहून खाली येताना हा अनुभव प्रत्येकानं घेतलेला होता, त्यामुळं इथपर्यंत माना हलल्या. मग तो इतिहासात शिरला. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रजानं १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. जग्वार कंपनीनं १९५३ साली डिस्क ब्रेकच्या गाड्यांनिशी ल मांची चोवीस तासांची शर्यत मारली, कारण बाकीचे वळणाच्या कितीतरी आधीपासून वेग कमी करत होते आणि जग्वारवाले वळणाच्या तोंडाशी. “आणि फियाटचीच १२४ नावाची गाडी बघा. १९६६ साली! चारही चाकांना डिस्क! तेव्हा आपण इकडं ड्रमवर!”

करंजी खाता खाता मंडळींनी शंका विचारल्या. पहिली शंका अर्थातच, “ह्येच्यान ॲव्हरेज वाढता?” नाही. “पिकअप?” नाही. “मगे गाडी खंय बदलली ता लोकांका कळतला कसा?” कळणार नाही, चाकाच्या आत असतं. यावर एका बुवांनी टाळ खाली ठेवून विचारलं, की एवढ्या पैशात गाडीला नवा रंग झाला नसता काय? मला स्वतःला तो प्रश्न अत्यंत रास्त वाटला. माणूस पैसे खर्च करतो तो निदान शेजाऱ्याला दिसावा म्हणून. न दिसणाऱ्या जागी खर्च करणारा एकतर संत असतो किंवा इंजिनिअर.

चतुर्थी उरकल्यावर प्रकरण मेस्त्रींकडं गेलं. आमचे मेस्त्री म्हणजे नाक्याजवळच्या वडाखाली पत्र्याची शेड टाकून बसलेले गृहस्थ. गाडीचं बॉनेट उघडण्याआधी ते मालकाला दहा मिनिटं बोलतं करतात. निम्मे बिघाड त्यातच सापडतात. त्यांनी कॅलिपर हातात घेऊन सगळीकडून फिरवला, वजन केलं, आणि चिरंजीवांना विचारलं, “मागसून लावतलास?”

“हो.”

“फाटल्या चाकांका येवढो मान दिलंस तर ती फुडे येवक बघतली.”

फाटली म्हणजे मागची. मला हा टोमणा वाटला. ती भौतिकशास्त्राची व्याख्या होती, हे चिरंजीवांचा चेहरा पडल्यावर कळलं. गाडीला ब्रेक लागला की सगळा भार पुढं झुकतो. पुढं इंजिन असलेल्या गाडीत थांबवण्याचं साधारण ७० टक्के काम पुढची चाकं करतात, मागच्यांवर ओझंच कमी उरतं. अशा हलक्या झालेल्या मागच्या चाकांना जोरकस ब्रेक दिला तर ती पुढच्यांच्या आधी जाम होतात, रस्त्याची पकड सुटते आणि गाडीची शेपटी खरोखरच फिरून पुढं येते. म्हणजे मेस्त्री म्हणाले ते अक्षरशः.

पालखी घाटी उतरते तेव्हा पुढचे भोई भार घेतात आणि मागच्यांनी फक्त तोल धरायचा असतो. मागच्यानं उत्साह दाखवला की देव रस्त्यात. मागच्या ब्रेकचं काम हेच, आणि तेवढंच. जे काम कमीत कमी करायचं, त्याच्यासाठी चिरंजीवांनी चांगल्यातला चांगला सरंजाम आणला होता. मेस्त्रींनी सुचवलं की जुन्याच ड्रममध्ये नवे शू आणि नवे व्हील सिलिंडर टाकूया, ड्रम लेथवर फिरवून आणूया, गाडी दुसऱ्या दाबाला थांबेल. चिरंजीवांनी प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हचं नाव काढलं. मागच्या चाकांकडं जाणारा दाब कमी-जास्त करणारी ही पितळी तोटी त्यानं सोबत आणली होती. मेस्त्रींनी तीही फिरवून बघितली. “म्हंजे आदी म्हागातलो बिरेक लावचो, आणि मगे तेचो जोर कमी करूक आनी एक वस्तू लावची.”

“तसंच.”

“बरां आसा,” मेस्त्री म्हणाले. गिऱ्हाइकाचं डोकं दुरुस्त करणं त्यांच्या दरपत्रकात नव्हतं.

पण जाता जाता त्यांनी त्या फियाट १२४ ची चौकशी केली. ती गाडी पुढं कुठं कुठं गेली? इथं चिरंजीवांना खरं सांगावं लागलं. तीच गाडी रशियात गेली, १९७० पासून ‘लाडा’ म्हणून लाखांनी खपली, आणि रशियनांनी पहिली गोष्ट काय केली असेल तर तिच्या मागच्या डिस्क काढून तिथं ड्रम बसवले. कारण त्यांच्या रस्त्यांवरचा चिखल उघड्या डिस्कवर उडायचा, पॅड आणि डिस्क बघता बघता झिजायचे. मेस्त्रींनी शेडच्या बाहेर बघितलं. बाहेर भाद्रपदातला पाऊस होता आणि त्यात तांबड्या मातीचा लगदा मुक्तपणे वाहत होता. ते काहीच बोलले नाहीत. रशियाचा पाठिंबा मिळालेला माणूस कशाला बोलेल?

मामांनी मात्र आश्चर्यकारकरीत्या मुलाची बाजू घेतली. त्यांचा हिशोब निराळा होता. गावात रशियासारखी गाडी कोणाचीही असेल. फियाटसारखी आपली एकट्याची.

काम सुरू झालं. ड्रम निघता निघेनात. इतक्या वर्षांच्या गंजानं डबा आणि चाकाचा हब यांचं लग्न लागलेलं होतं. हातोडा, तेल आणि शिव्या आलटून पालटून वापरून त्यांना वेगळं केलं. डिस्क बसवायला लागणारी पट्टी कुडाळच्या एमआयडीसीतून लेथवर करून आणली. ती एका बाजूला नीट बसली आणि दुसऱ्या बाजूला अर्धा मिलिमीटर नडली, आणि तो अर्धा मिलिमीटर दोन दिवस खाऊन गेला. खरी गंमत पुढं झाली. नवे पॅड बसवायचे तर कॅलिपरमधला पिस्टन आत ढकलावा लागतो. पुढच्या चाकांना तो सी-क्लॅम्पनं दाबला की मुकाट आत जातो. मागचा जाईना. मेस्त्रींनी क्लॅम्प आवळला. मग शेडमधल्या पोरानं आवळला. मग दोघांनी मिळून आवळला. वडाखाली चहा पीत बसलेले तिघे कप ठेवून मदतीला आले.

मागच्या कॅलिपरमध्ये हॅन्डब्रेकही असतो. त्यासाठी पिस्टनच्या पोटात आट्यांचा स्क्रू बसवलेला असतो, आणि म्हणून तो दाबून नव्हे, फिरवून आत न्यायचा असतो. जोर लावला तर आतली यंत्रणा मोडते. चिरंजीव चहा घेऊन परतले आणि हे दृश्य बघून ओरडले. मग पिस्टनच्या तोंडावरच्या खाचेत अवजार अडकवून एका हातानं फिरवला, तर तो हसत हसत आत गेला. जोर लावलेल्या पाच जणांनी एकमेकांकडं बघितलं. मेस्त्री म्हणाले, “आमच्या तलाठ्याचा असाच आसा.”

एक बारीक झडप मात्र मेस्त्रींनीच शोधली आणि चिरंजीवांच्या वहीत ती नव्हती. ड्रमच्या गाडीत पेडल सोडल्यावरही नळीत थोडा दाब शिल्लक ठेवणारी झडप असते, म्हणजे शू फार मागे जात नाहीत. डिस्कला हाच उरलेला दाब नडतो. पॅड थाळीला चिकटून राहतात, गाडी ब्रेक मारल्यासारखी ओढत चालते आणि चाक तापतं. मेस्त्रींनी ती झडप काढून चिरंजीवांच्या तळहातावर ठेवली. त्या क्षणापासून चिरंजीव त्यांना ‘मेस्त्री’ऐवजी ‘काका’ म्हणायला लागले.

मग ब्रेकमधली हवा काढणं. ज्यांनी हे केलं नसेल त्यांच्यासाठी: एक माणूस आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकापाशी निपल सैल करतो, हवा आणि तेल बुडबुडत बाहेर येतं, निपल बंद होईपर्यंत आतल्यानं पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा उलटी आत शिरते आणि पहिल्यापासून सगळं. चिरंजीव बॉनेटपाशी टाकीत ब्रेक ऑइल ओतत होते, मेस्त्री चाकाखाली होते, मामांचे गुडघे दुखत होते. तेव्हा स्टिअरिंगमागं मामी बसल्या.

“दाब!” मेस्त्री चाकाखालून ओरडायचे. “धर! धरून रव! सोड!” मामींना आयुष्यात कोणी असं सलग एकेरीत हुकूम दिले नव्हते. पहिल्या चाकाला त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या चाकाला त्यांनी पेडल दाबून धरलं ते धरलंच. मेस्त्री “सोड” म्हणाले तरी सोडेनात. मामांनी खिडकीतून डोकावून विचारलं, “जड जाता काय गो?” मामी म्हणाल्या, “इतकी वर्सां तुमका आवरतंय. ह्या पेडलात काय आसा?” आणि मेस्त्रींनी नाव घेऊन, अहो-जाहो करून विनंती केल्यावर पाय उचलला. पेडल इतकं घट्ट झालं की पंप करायचं कारण उरलं नाही. हवा काढायला मामींसारखं माणूस नाही, असं मेस्त्री आता गिऱ्हाइकांना सांगतात.

कायद्याचाही प्रश्न निघाला, कारण आमच्याकडं तो निघाल्याशिवाय काम पुरं झालं असं वाटत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. चिरंजीवांनी नोंदणी पुस्तक उघडलं. त्यात रंग होता, इंजिन नंबर, चासी नंबर, किती माणसं बसणार ते होतं. ब्रेकचा उल्लेख नव्हता. मामांनी पुस्तक दोनदा वाचून मिटलं. “म्हंजे गाडी खंयच्या रंगाची ह्या सरकाराक व्हया. थांबता काय, ता आमचा आमी बघूचा.” जुनी खाजगी गाडी पुन्हा नोंदवण्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ ला सहाशेवरून एकदम पाच हजार झालं तेव्हाही मामा असंच पुस्तक मिटून बसले होते. तरी आरटीओत जाऊन तोंडी विचारून येण्याचं ठरलं. ते अजून ठरलेलंच आहे.

नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. गाडी वेगात न्यायची, ब्रेक मारून हळू करायची, पूर्ण थांबवायची नाही, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, मग थंड होऊ द्यायची. जुन्या रस्त्यावर एका सकाळी मामा आणि चिरंजीव हे करत बसले. लोकांनी बघितलं, की मामा जोरात येतात, अचानक हळू होतात, कोणी दिसत नसताना, आणि पुन्हा सुसाट जातात. परत येतात, पुन्हा तेच, त्याच वळणावर. तासाभरात वाडीत बातमी फिरली की त्या वळणावर गाडीला काहीतरी दिसतंय. दुपारपर्यंत त्या वळणावर कोणाला कधी काय दिसलं होतं याच्या तीन जुन्या हकिकती वर आल्या. संध्याकाळी गाडी देवळासमोर उभी, बॉनेटवर नारळ, आणि जाणत्या गावकऱ्यांचं गाऱ्हाणं चालू.

“बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आज ह्या तुझ्या लेकरान गाडयेक नवे बिरेक बसयले हत, तेंका यश दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“थांबाची थंय थांबांदे, चलाची थंय चलांदे, वाटेर काय वायट-वंगाळ आसात ता धा वाटांनी जावंदे रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आणि ह्येच्यात काय चूक-माक झाली आसात, तर ती मेस्त्रीच्या पदरात घाल रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळे म्हणाले. मेस्त्रीही सवयीनं म्हणाले. मग त्यांच्या ध्यानात आलं, पण तोवर नारळ फुटला होता.

दुसऱ्या दिवशी बांद्यापर्यंत जाऊन परत, अशी लांबची चाचणी झाली. मी मागच्या सीटवर होतो. गोव्याकडून येणारी गाडी म्हटली की इन्सुलीच्या नाक्यावर हात दाखवला जातो. सरळ आहे, गोव्यातली स्वस्त दारू महाराष्ट्रात आणण्यासाठी लोक टेम्पोत चोरकप्पे करतात, आणि ते शोधून काढणं हेच तिथल्या माणसांचं काम. हात दिसला आणि मामांनी सवयीनं लांबून पेडलाला पहिला, कळवण्यापुरता दाब दिला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, नाक्याच्या बरीच अलीकडं. नाक्यापासून लांब थांबणारी गाडी पाहून संशय येणारच. जवान शांतपणे चालत आला.

डिकी उघडली. डिकीत जुने ड्रम, फडकी, पाने, आणि फडक्यात नीट गुंडाळलेली एक बाटली. आत पिवळसर, पारदर्शक द्रव. निम्मी रिकामी.

“हे काय?”

“ब्रेक ऑइल,” चिरंजीव म्हणाले.

“सील फोडलेलं आहे.”

“अर्धी गाडयेन घेतल्यान,” मामा म्हणाले.

जवानानं बाटलीवरची अक्षरं वाचली. डॉट फोर. त्यानं झाकण काढून वास घेतला, दारूचा नव्हता. चिरंजीवांना राहवलं नाही, ते समजावू लागले, की हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं म्हणून झाकण उघडं ठेवू नये. कोरडं असताना ते २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की १५५ वरच उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल खाली जातं. आणि आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडत असल्यामुळं... “म्हणजे पाणी घालून चालत नाही,” जवान म्हणाला. त्याच्या नोकरीत इतकी सविस्तर कबुली कोणी दिली नसावी. बाटलीचा तळ पुसून बघायला त्यानं ती बॉनेटवर ठेवली, तसे मामा किंचाळले, कारण एक थेंब सांडला तरी ब्रेक ऑइलनं गाडीचा रंग निघतो. त्या किंकाळीनं आणखी दोघे आले. गाडीखाली आरसा फिरला. मागच्या चाकाआड काहीतरी नवंकोरं चकाकत होतं. तिघांनी वाकून कॅलिपर पाहिला, त्यातल्या एकाच्या भावाचं गॅरेज होतं, आणि मग पुढची पंधरा मिनिटं गेली ती हॅन्डब्रेकच्या स्क्रूवर. शेवटी पहिल्या जवानानं बाटली परत फडक्यात गुंडाळून दिली आणि विचारलं, “पण थांबते का?”

“थांबलंय मां तुमच्या फुडे?” मामा म्हणाले.

आता गाडी खरंच थांबते. अडचण मागून येते. गावातल्या प्रत्येक वाहनचालकाला मामांचे तीन टप्पे पाठ होते. पुढं पद्मिनीचा मागचा दिवा लागला की मागचा मनात मोजायचा, एक, दोन, आणि तिसऱ्याला आपण ब्रेक मारायचा. आता दिवा लागतो आणि गाडी उभी. चतुर्थीनंतरच्या आठवड्यात नारळाचा टेम्पो डिकीला टेकला, फार नाही, नंबर प्लेटची एक बाजू दुमडली. टेम्पोवाला खाली उतरला तो मामांवरच रागावलेला. “मामानू, सांगूचा तरी! इतकी वर्सां तुमच्या मागसून येतंय!” त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. अचानक थांबणं हा आमच्यात शिष्टाचाराचा भंग आहे.

म्हणून मागं काहीतरी लिहून घ्यावं असं ठरलं. ट्रकांवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्रात २०१५ पासून बंदच आहे, तेव्हा ते नको. चिरंजीवांनी मजकूर दिला: ‘चारही चाकांना डिस्क ब्रेक. कृपया सुरक्षित अंतर ठेवा.’ बांद्याचा पेंटर डिकीचं माप घेऊन म्हणाला, एवढं मावेल, पण अक्षरं इतकी बारीक होतील की वाचायला जवळ यावं लागेल. मग मजकूर तासायला घेतला. ‘कृपया’ गेलं, इन्सुलीत ते कोणी वापरत नाही. चाकं गेली. अंतर गेलं. पेंटर अक्षरामागं पैसे घेतो हे कळल्यावर मामांनी पुढचं संपादन स्वतःकडं घेतलं आणि शेवटी एक शब्द उरला: ‘थांबतंय’.

पेंटरनं बोटावर चार अक्षरं मोजली आणि रक्कम सांगितली. मामांनी चष्मा काढला, कागदावरचा शब्द पुन्हा न्याहाळला आणि विचारलं,

“अनुस्वार फुकट मां?”